पावसाळा सोडून

खंदारे बाई माळावर पोचल्या की आधी बसत. आमच्या कामात माणूस पोचला की फिरायला लागतो, फोटो काढतो, जीपीएसवर आकडे बघतो. बाई पदर डोक्यावरून घेत, छत्री उघडत, एखादा सपाट दगड शोधत आणि त्यावर बसून जात. वहीसुद्धा काढत नसत. मे महिन्याच्या उन्हात आम्ही गाडीच्या सावलीत उभे राहून त्यांच्याकडे बघत असू. तासभर झाला की ड्रायव्हर मला हळूच विचारायचा, "साहेब, मॅडमची तब्येत बराबर हाय ना?"

गेल्या थंडीत बाई गेल्या. मी हिंगोलीला त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या मुलीने चहा दिला. मी फोटोला फूल वाहिलं, 'फार मोठ्या होत्या' असं काहीतरी म्हणालो आणि उठलो. वसमतला माझ्या घरी परत येताना एसटीत खिडकीशी बसून मला सारखं वाटत होतं की त्या मुलीला एक गोष्ट सांगायला हवी होती. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पुढच्या माळाची. बाईंच्या शेवटच्या वर्षांत दुसरा विषय नव्हता, आणि त्या विषयात त्यांना ओढणारा मी होतो.

मी काय करतो ते आधी सांगतो. देशाच्या विकास आराखड्यात एखादा मोठा प्रकल्प आला की तो सुरू होण्याआधी हवा, पाणी, जमीन आणि माणसं यांचं त्याने काय होईल याचा अहवाल द्यावा लागतो. सरकारी भाषेत पर्यावरणीय आघात मूल्यांकन, आमच्या तोंडात नुसतं ईआयए. असे अहवाल तयार करणारी खासगी कार्यालयं असतात. नांदेडच्या अशाच एका कार्यालयात मी समन्वयक आहे. हवा मोजणारा, पाणी तपासणारा, झाडं-पक्षी बघणारा, सगळ्यांचे कागद गोळा करायचे आणि एक जाड अहवाल बांधायचा. आमचा मेहनताना प्रकल्पवालाच देतो. बाई म्हणत, "ज्याची परीक्षा त्याच्याच घरी मास्तर जेवायला."

बाईंनी हिंगोलीच्या कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आमच्या साहेबांनी त्यांना गाठलं, कारण अहवालातल्या झाडं-पक्ष्यांच्या प्रकरणावर सही करायला पदवीवालं माणूस लागतं. आम्हाला खरं तर पदवी हवी होती. पदवीबरोबर बाईही आल्या.

ठेंगण्या, सावळ्या, जाड चष्म्याच्या. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी. जेवायला थांबलो की पहिली भाकरी ड्रायव्हरपुढे धरत. तो संकोचून नको म्हणाला की विचारत, "काहून? माझ्या हातचं चालत न्हाई का?" विचारत हसूनच, पण उत्तर येईपर्यंत हात मागे घेत नसत. ड्रायव्हर भाकरी घेई. मग त्या निवांत जेवत.

आमच्या कार्यालयात एका अहवालावरून दुसरा अहवाल करायची रीत आहे. गावाचं नाव बदलायचं, तालुका बदलायचा, बाकी मजकूर तोच. बाईंनी आल्या आल्या एक जुना अहवाल वाचायला घेतला. औंढा तालुक्यातल्या एका दगडखाणीचा. त्यातल्या वनस्पतींच्या यादीत खारफुटी होती. मूळ अहवाल कोकणातल्या कुठल्या तरी बंदराचा असणार. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसायची वेळ आली.

"सोळंके, समुद्र औंढ्यापर्यंत आला म्हणजे जवळा बाजार गेला की हो पाण्यात. बाजारकरी कुठं बसून राहिले मग?"

त्यानंतर कार्यालयात आल्या की शिरतानाच त्या मला विचारत, "काय म्हणतो समुद्र? आज भरती का ओहोटी?" सगळे हसत. मीही हसे. तो अहवाल मी बांधला होता.

एकदा चहा पिताना माझ्या तोंडून निघून गेलं की तो अहवाल मंजूर झालाय, खारफुटीसकट. बाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे कुणीच वाचला न्हाई. लिहिणाऱ्यानं न्हाई अन् तपासणाऱ्यानंबी न्हाई."

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी समुद्राचं नाव काढलं नाही. मला त्या थट्टेची इतकी सवय झाली होती की ती थांबल्यावर मी बेचैन झालो.

मग तो माळ आला. पुसेगावच्या पुढचा, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दिल्लीत आखलेल्या मालवाहतुकीच्या एका मोठ्या पट्ट्यात तिथे गोदामं आणि कारखान्यांची वसाहत यायची होती. माळ गायरान होता. दक्षिणेला उतरत उतरत तो एका ओढ्याला मिळत होता. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मुरूम, दगड आणि वाळलेली कुसळं यांशिवाय तिथे मला काही दिसलं नाही. बाई नेहमीप्रमाणे बसल्या. एक शेळ्यावाला येऊन काठीवर रेलून त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचं नाव काशीनाथ.

"काय पाहून राहिल्या बाई? इथं काय न्हाई. मेलेला माळ हाय."

"मेलेला?"

"व्हय. कुसळं अन् दगडं."

"मग तुझ्या शेळ्या काय हवा खाऊन राहिल्यात?"

काशीनाथ हसला. "शेळीचं काय सांगता बाई. शेळी चप्पलबी खाती."

"तुझी तर पायात दिसून राहिली. अजून खाल्ली न्हाई ती."

त्याला हे आवडलं असावं, कारण तो तिथेच उकिडवा बसला. पण बाईंनी कितीही विचारलं तरी माळाबद्दल तो चांगलं बोलेना. गोदामं आली तर पोराला काम लागेल, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. माळाचं कौतुक केलं तर गोदामं परत जातील अशी त्याला भीती होती. आम्ही बोलत असताना एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. बाई मला म्हणाल्या, "सोळंके, मागं सरका. ती आपल्याला घराबाहेर काढून राहिली." मी खाली बघितलं. माझ्या बुटाशेजारी, मुरमाच्या रंगाची, ठिपक्यांची अंडी होती. मी तिथे मघापासून उभा होतो.

परतताना गाडीत त्यांनी मला प्रश्न विचारले. वर्गात विचारावे तसे.

"हा माळ जगतो कधी?"

"पावसाळ्यात."

"अन् आपण पाहणी कधी करतो?"

आमच्या कामाचा नियम आहे. पाहणी एका ऋतूची करायची, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कोणताही चालतो. पावसात हवेतली धूळ खाली बसते, मापं बिघडतात, म्हणून. हवेसाठी ते बरोबरच आहे. मी म्हणालो, "पावसाळा सोडून."

"अन् वरून फोटो काढणारा उपग्रह?"

"पावसाळ्यात ढग असतात. उन्हाळ्यातलाच फोटो वापरतात."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "वरून बघणारा पावसाळ्यात डोळे मिटून घेतो, खालून बघणाराबी मिटून घेतो. मग नकाशात हा माळ पडीक दिसणारच. अन् पडीक म्हटलं की दिल्लीत बसलेल्या माणसाला वाटतं, हे घेतलं तर कुणाचंच काय जात न्हाई." थोड्या वेळाने म्हणाल्या, "काशीनाथला तरी काय बोलू? आपल्या अहवालातला तक्ता अन् काशीनाथ एकच सांगून राहिले."

त्यांचं दुसरं दुखणं होतं ते वेळेचं. जागा ठरलेली असे, कागदावर रस्ता आखलेला असे, आणि मग परिणाम काय होईल ते सांगायला आम्हाला बोलावत. "अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवायला बोलावतात आपल्याला," त्या म्हणत, "अन् बोलावतात कुणाला, तर मला. मी तर पत्रिका मानतबी न्हाई."

त्या दिवशी माळावरून निघताना त्यांनी काशीनाथकडून खुरपं मागून घेतलं होतं आणि ढेकळासकट मातीचा एक थर उचलून घमेल्यात भरला होता. मला वाटलं तपासणीला नेतायत. त्यांनी ते घमेलं घरच्या गच्चीवर ठेवलं आणि रोज पाणी घातलं. त्यांच्या गच्चीवर कुंड्या पुष्कळ होत्या, पण एकीतही गुलाब किंवा शेवंती नव्हती. सगळ्यांत गवत. पवना, मारवेल, कुसळी. शेजारची बाई गच्चीवर वाळवण घालायला आली की म्हणायची, "मॅडम, कुंड्यांत गवत माजलंय, बाई लावून काढून घ्या ना." बाई गंभीरपणे म्हणत, "वेळच मिळत न्हाई बघा."

काही दिवसांनी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. घमेलं हिरवंगार झालं होतं. गवताच्या पात्यांमध्ये मुसळीची रुंद पानं वर आली होती, एका कडेला निळ्या फुलांच्या आभाळीची रोपं होती, अजून फूल नव्हतं. मी मोजायला लागलो आणि थांबलो. मेलेल्या माळाचा एक टोपलीभर तुकडा होता तो.

मुंबईला समितीची बैठक होती. अहवालात काय काय तपासायचं हे ती समिती ठरवते. बाईंनी ठरवलं की पावसाळ्यातली पाहणी या कामात घाला अशी विनंती करायची, आणि घमेलं सोबत न्यायचं. मी म्हणालो फोटो नेऊ. त्या म्हणाल्या, "फोटो सगळेच नेतात." रेल्वेत त्यांनी ते मांडीवर धरलं होतं. समोरच्या माणसाने विचारलं, "कसलं रोप हाय, ताई?" "गवत." "विकायला नेऊन राहिल्या?" "न्हाई, दाखवायला." तो माणूस पुढच्या स्टेशनापर्यंत आमच्याकडे बघत होता.

समितीपुढे त्यांनी घमेलं टेबलावर ठेवलं. बोलल्या थोडंच, पण चांगलं बोलल्या. माती मे महिन्यातली आहे, त्यात मी पाण्याशिवाय काही घातलेलं नाही, तुम्ही ज्याला पडीक म्हणता त्याच्या पोटात हे आहे. लोकांनी माना पुढे करून बघितलं. एक सदस्य वयस्कर होते, अगदी सभ्य. त्यांनी विचारलं, "मॅडम, पाणी तुम्ही घातलंत?"

"हो."

"मग तुमच्या गच्चीवर पावसाळा झाला की. आणि नियमात पावसाळा धरत नाहीत."

सगळे हसले. कुणी वाईट मनाने हसलं नाही. बाईही हसल्या, कारण विनोद चांगला होता आणि त्यांना विनोद कळायचा. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. हसणं संपल्यावर त्यांनी घमेल्याच्या कडेला लागलेली माती बोटाने पुसली आणि पुढचा प्रकल्प पुकारला गेला तरी पुसत राहिल्या. परतीच्या गाडीत घमेलं मी धरलं. बाईंनी ते एकदाही मागितलं नाही.

अहवाल तयार झाला. झाडं-पक्ष्यांच्या प्रकरणावर बाईंची सही राहिली होती. दोनदा निरोप पाठवूनही त्या आल्या नाहीत, म्हणून साहेबांनी मला हिंगोलीला पाठवलं.

"मी सही करणार न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमी दुसरा माणूस बघा."

मी म्हणालो, "दुसरा मिळेल, बाई. तो माळावर पायही न ठेवता निरंक लिहून देईल. तुम्ही आत राहिलात तर निदान अटी घालता येतील. ओढ्याकडचा माळ तरी वाचेल."

हे मी मनापासून बोलत होतो. आजही मला वाटतं की त्यात काही खोटं नव्हतं. पण ती सही नेली नाही तर साहेब माझ्या जागी दुसरा समन्वयक बघणार होते, आणि तेही खोटं नव्हतं. ते मी बोललो नाही. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं, सोळंके?"

मी सांगितलं. आई, बायको, दोन मुली. धाकटी नववीत.

बाई आत जाऊन चष्मा घेऊन आल्या. सही करण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने अट लिहिली: दक्षिणेकडचा, ओढ्यालगतचा माळ नांगरू नये, खणू नये आणि त्यावर काहीही लावू नये. 'काहीही लावू नये' याखाली त्यांनी रेघ मारली. मग अहवालाची पानं उलटून एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे नेहमीची अट होती, प्रत्येक अहवालात असते ती: वसाहतीच्या एक तृतीयांश जागेवर झाडं लावून हरित पट्टा करावा.

"ही अट माझ्या अटीला खाऊन टाकंल."

"नाही बाई. झाडं कुंपणालगत बसतील. जागा भरपूर आहे."

"तुमी पाहाल ना?"

"पाहीन."

त्यांनी सही केली. मी कागद पिशवीत घातले. मी जिना उतरत असताना त्यांनी वरून विचारलं, "समुद्र काय म्हणतो, सोळंके?" फार दिवसांनी विचारलं होतं. मी हात हलवला.

जनसुनावणी माळावरच मांडव घालून झाली. बाई आदल्या आठवड्यात एकट्या एसटीने गावात जाऊन आल्या होत्या. मारुतीच्या पारावर आणि बौद्धवाड्यातल्या विहारात बसून त्यांनी अहवालाचा सारांश लोकांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवला होता. आमच्यापैकी असं याआधी कुणी केलं नव्हतं. सुनावणीत लोक बोलायला उठले, ते कामाबद्दलच. किती पोरं घेणार, बाहेरची आणणार का आमची. काशीनाथ उठला आणि अधिकाऱ्यांना सोडून थेट बाईंना म्हणाला, "बाई, तुमी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाई. आमच्या पोरांना काम लागंल का?"

बाई उभ्या राहिल्या.

"काशीनाथ, मला गवत कळतं. काम लागंल का न्हाई ते मला कळत न्हाई."

"मग गवताचं सांगा."

"गवत जाईल."

"जाऊ द्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. काशीनाथ हसला नाही. तो खाली बसला.

मंजुरी आली. बाईंची अट तिच्यात शब्द न् शब्द होती, रेघ मात्र छापील कागदावर आली नव्हती. बाईंनी त्या पानाची झेरॉक्स करून घरी लावली. तेवढे काही महिने त्या आनंदात होत्या. मला फोन करून सांगत की यंदाच्या पावसाळ्यात त्या विद्यार्थ्यांना घेऊन ओढ्याकडच्या माळावर जाणार आहेत, आभाळी फुलली की निळी चादर दिसते, तुमच्या मुलींनाही घेऊन या.

वसाहत बांधायला लागले तेव्हा कुंपणालगतची जागा आधी रस्त्याने घेतली, मग पाण्याच्या पाइपांनी, मग ट्रक वळवायच्या पट्ट्याने. मी नकाशा बघत होतो. प्रत्येक वेळी थोडीच जागा जात होती आणि प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं. एक तृतीयांश झाडं लावायची होती, ती तर मोजून दाखवावी लागतात. न लावलेला माळ कुणी मोजत नाही. शेवटी मोकळी जागा उरली ती दक्षिणेची. जेसीबी गेला. ओळीने खड्डे पडले.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी कंपनीला पत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं. उत्तर आलं की दोन्ही अटींचं पालन शक्य तितकं केलं जात आहे. एवढं मी 'पाहिलं'.

बाईंना मी फोन केला नाही. त्यांना काशीनाथकडूनच कळलं. त्यांनी मला फक्त विचारलं, "कुंपणालगत जागा उरली न्हाई का, सोळंके?" मी म्हणालो, नाही उरली. मला वाटलं फोन कटला. मग त्यांच्या गच्चीवरच्या चिमण्यांचा आवाज आला.

त्यानंतर त्या एकट्याच धावपळ करायला लागल्या. एसटीने या कार्यालयात, त्या कार्यालयात. एकदा मी सोबत होतो. तिथला अधिकारी चांगला माणूस होता, त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या. झाडं लावू नका असं तुमच्या नावाने लिहून देऊ का मी? लोक मला वेड्यात काढतील, तुम्हालाही." बाई म्हणाल्या, "झाडाला जागा असती साहेब. गवतालाबी असती." तो मान हलवत राहिला. त्याला कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला तेव्हा प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणं बाईंनाच आलं. त्यांच्याच एका विद्यार्थ्याने प्रेमाने सुचवलं होतं. बाई गेल्या नाहीत. पेपरात फोटो आला, ओळीत उभी राहिलेली कॉलेजची पोरं, हातात रोपं, सगळ्यांच्या तोंडावर आनंद.

त्या वर्षात बाई एकदम म्हाताऱ्या झाल्या. बोलताना मध्येच थांबायच्या. गच्चीवरचं घमेलं वाळून गेलं होतं, आणि मी पाणी घालू का म्हटलं तर म्हणाल्या, "राहू द्या. झोपू द्या त्याला."

शेवटचं मी त्यांना बघितलं ते श्रावणात. सहामाही पाहणीला गेलो होतो. लावलेल्यांपैकी किती रोपं जगली ते मोजायचं आणि अहवालात घालायचं, तेही आमच्याच कार्यालयाकडे आहे. पाऊस पडून गेला होता, ऊन आलं होतं. गाडी फाटकाशी सोडून मी दक्षिणेकडे चालत गेलो तर रोपांच्या ओळींत कुणीतरी वाकलेलं दिसलं. छत्री बाजूला पडलेली होती. बाई दोन्ही हातांनी एक रोप धरून ओढत होत्या. ओली माती होती, ते मुळासकट आलं.

तेवढ्यात काठी घेतलेला रखवालदार धावत आला. खाकी कपडे, शर्ट अंगापेक्षा मोठा. काशीनाथ होता. त्याच्या पोराला काम लागलं नव्हतं, पण त्याला रोपं राखायला ठेवलं होतं.

"बाई, नका ना उपटू."

बाई रोप हातात धरून उभ्या राहिल्या. धाप लागली होती. "काहून?"

"ठेकेदार मोजून राहिला रोज. रोप गेलं की माझी हजेरी जाती."

"शेळ्या कुठं आहेत तुझ्या?"

"इकल्या. चारायच्या कुठं?"

बाई अगदी हळू म्हणाल्या, "मेलेला माळ म्हणत होतास ना रे?"

"व्हय," काशीनाथ म्हणाला. "तवा शेळ्या होत्या बाई."

मी थोड्या अंतरावर उभा होतो. हातात पॅड होतं. पुढे जावंसं वाटत होतं, पण पुढे जाऊन मी कुणाच्या बाजूला उभा राहणार होतो ते मला कळेना. म्हणून तिथेच राहिलो. दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेत, जेसीबीने सोडलेल्या पट्टीत, आभाळी फुलली होती. निळी, बोटाच्या पेराएवढी फुलं.

बाई गुडघ्यांवर बसल्या. रोप पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवलं, सरळ धरलं, हातांनी माती लोटली आणि तळव्यांनी दाबली. विद्यार्थ्यांना शिकवताना दाबत तशीच, बुंध्याभोवती गोल. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून सगळी ओतली. पावसाने जमीन भिजलेली होती, पाण्याची गरज नव्हती. काशीनाथने त्यांना हाताला धरून उठवलं.

तेव्हा त्यांनी मला बघितलं. साडीला मातीचे हात पुसले.

"मोजा, सोळंके," त्या म्हणाल्या. "हेबी जगलं."

त्यांनी छत्री उचलून उघडली. सवयीने इकडे तिकडे बघितलं, बसायला एखादा सपाट दगड दिसतो का. दगड सगळे वेचून कुंपणाशी ढीग करून ठेवले होते. थोडा वेळ त्या उभ्याच राहिल्या आणि मग ओळींच्या मधून, आभाळीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत, एसटीच्या थांब्याकडे निघाल्या.